आवक चार, जावक शून्य

यातलं एक अक्षरही कुणाला खरं वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याने आधी स्वतःची नाडी तपासून घ्यावी. पण एका नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सचं मशीन आणि दार न लागणारं कपाट यांच्या मधल्या फटीत एक गृहस्थ बसायचे, आणि अजून जन्मालाही न आलेल्या माणसांची सोय लावायचे. सगळे त्यांना अंदाजकाका म्हणत. पाच वर्षांनी कुठल्या वस्तीत किती माणसं असतील ते काका सांगत, आणि त्यावरून पाण्याची टाकी केवढी, शाळेला वर्ग किती, दवाखाना कुठे, हे ठरे. हात असा बसलेला की एका वस्तीत त्यांनी बालवाडी सुचवली तेव्हा तिथे झाडून सगळे बिनलग्नाचे राहत होते. भिंतींना रंग लागेस्तोवर अर्ध्यांची लग्नं उरकली, आणि उरलेल्यांनी म्हणे काकांचा आकडा चुकू नये म्हणून घाई केली. आपल्या बायकोला दिवस गेलेत हे आपल्याला काकांकडूनच कळलं, असं पाणीखात्याचा इंजिनियर आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

एवढ्या जगाची सोय लावणारे काका स्वतः मात्र चढावरच्या गल्लीत, तीन मजली घरात एकटे राहत. खालचे भाडेकरू गेले, मग वरचे गेले. मधल्या मजल्यावर काका राहिले, पुस्तकात कुणी खूण म्हणून घातलेल्या कागदासारखे. एकदा जिना चढताना स्वतःच्याच पावलांचा आवाज ऐकून त्यांनी "कोण आहे?" असं विचारलं, आणि उत्तरासाठी जरा थांबलेसुद्धा.

दर गुरुवारी मात्र उत्तर देणारं माणूस येई. थोरली बहीण, ताई. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे चढावर येणाऱ्या एकुलत्या एका बसवर तिची सगळी मदार. आली की चप्पल काढायच्या आत तिचं सुरू व्हायचं.

"छोट्या, हे घर आहे की गोदाम? वर्षभरात रिटायर होशील. चल माझ्याकडे राहायला."

"मी गेलो तर गल्लीत एक माणूस कमी होईल."

"म्हणजे तू माणसांत मोडतोस होय!"

काका हसत. ती गेली की मात्र तिने विसकटलेली उशी दोन दिवस तशीच ठेवत.

आणि अशात नगरपालिकेने ठरवलं की ज्या भागात पाच वर्षांनी पंचवीस माणसंसुद्धा उरणार नाहीत, तिथली बस बंद करायची. अंदाज काढायचा कुणी? काकांनी. आणि यादीत पहिलाच भाग कुठला? चढावरची गल्ली.

काकांनी बाह्या सरसावल्या. या हिशेबात माणूस अख्खा धरत नाहीत. म्हातारा असेल तर पाच वर्षं जगण्याची शक्यता जेवढी, तेवढाच तो धरायचा. तरुण असेल तर नोकरीपायी गाव सोडण्याची शक्यता वजा करायची. शिंपी नवराबायको मिळून दीडच भरले, कारण त्यांचा मुलगा परगावी. निवृत्त पोस्टमन पाऊण. काका आपल्या ओळीवर आले. निवृत्त झालेले एकटे पुरुष बहुधा नातेवाइकांकडे राहायला जातात, हा नियम त्यांनीच वर्षांपूर्वी बसवलेला. त्या नियमाने ते स्वतः अर्ध्याहून जरासे जास्त निघाले. ते पुष्कळ वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. आकडा चुकलाय असं काही त्यांना वाटलं नाही.

बेरीज आली बावीसच्या आसपास. मग काकांनी, ज्यांनी नोकरीत कधी पोटच्या पोराचं वजनसुद्धा वाढवून सांगितलं नसतं (पोर नव्हतं म्हणा), आवकेच्या रकान्यात चार माणसं घातली. नवरा, बायको, दोन मुलं.

नियोजनखात्याच्या मॅडम काकांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी चष्मा खाली ओढला.

"काका, हे चार कोण?"

"आवक आहे, मॅडम."

"कुठून?"

"बाहेरून."

"आवक बाहेरूनच येते हो. त्या गल्लीत कोण मरायला येणार आहे?"

"मरायला नाही, राहायला. भाडं कमी आहे, हवा चांगली आहे, शेजारी शांत आहेत."

"शेजारी आहेत का पण?" मॅडम म्हणाल्या, आणि मग काकांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "बरं. तीन महिने बस राहू दे. तिकिटं वाढलेली दिसली तर तुमचे चार मी मान्य करते."

त्याच आठवड्यात ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तीन महिने घराबाहेर पडायचं नाही. म्हणजे गोष्ट सरळ होती. ताई चालू लागेपर्यंत बस जगली पाहिजे.

काका कामाला लागले. ऑफिस सुटलं की खालच्या स्टॉपवरून बस धरायची, वर जायचं. वर ड्रायव्हर बिडी ओढायला थांबे आणि मग बस मोठा वळसा घेऊन उतरे. तेवढ्यात काका पायवाटेने धडाधड खाली, टोपी बदलून परत स्टॉपवर हजर. कधी मफलर, कधी काळा चष्मा, एकदा तर ताईची विसरलेली शाल डोक्यावरून.

"या आजी, बसा," कंडक्टर म्हणाला. "संध्याकाळपासून तुमच्या घरातले हे पाचवे. मोठं दिसतंय खटलं!"

"एकत्र कुटुंब आहे," शालीतून उत्तर आलं.

"मग मिशीसुद्धा एकत्रच वापरता वाटतं?"

पण तिकीट त्याने फाडलं. हळूहळू काकांना त्या कुटुंबाची सवय लागली. काळा चष्मा लावला की ते नवरा होत, आणि खिडकीतून बघत आज पोरांच्या अभ्यासाचं बघायला हवं असा विचार करत. मफलर गुंडाळला की धाकटा. धाकट्याला पायवाटेवरून उड्या मारत उतरायला फार आवडायचं. सगळ्या टोप्या पिशवीत भरून काका शेवटच्या बसने वर येत, कुलूप काढत, आणि पिशवी ठेवली की घर पुन्हा गोदाम होई.

तीन महिने भरले. मॅडमनी बोलावलं.

"काका, तिकिटं वाढली. रोज सात-सात माणसं जास्त वर जातायत."

"मी म्हटलं नव्हतं?"

"पण खाली येणारी जेवढीच्या तेवढी. रोज सात जास्तीचे वर जातात, त्यांतला एकही उतरत नाही. या हिशेबाने तुमच्या गल्लीत आज सहाशे माणसं जास्तीची पाहिजेत. कुठे ठेवलीत? माळ्यावर?"

काकांनी कागद बघितला. पायवाटेला तिकीट नसतं.

"जावक धरायची राहिली," ते म्हणाले.

"आवक लिहिली की आधी जावक बघायची, हे तुम्हीच शिकवलंत मला." मॅडमनी कागद हळूच उलटा ठेवला. "घरी सगळं ठीक आहे ना, काका?"

"मजेत," काका म्हणाले.

सोमवारपासून बस बंद झाली. बुधवारी संध्याकाळी ताईचा फोन आला.

"छोट्या! डॉक्टरांनी सोडलं एकदाचं. चढ चढायचा नाही म्हणालेत, पण बस चालेल. उद्या येते."

काकांनी तोंड उघडलं. बस नाही म्हणावं, तर ही काठी टेकत चढ चढायला कमी करायची नाही. नाहीतर आजच सामान बांध म्हणेल. आणि मग या गल्लीतून ते अर्धं माणूसही जाणार.

"उद्या नको," ते म्हणाले. "बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही गं."

"आपल्या बसमध्ये?"

"अगं, काय सांगू! खाली कुटुंब आलंय राहायला. नवराबायको, दोन पोरं. त्यांचं बघून वर दुसरं आलं. त्यांचे पाहुणे, पाहुण्यांचे मित्र. कंडक्टर लोंबकळत येतो आणि ड्रायव्हर उभ्याने बस चालवतो!"

"उभ्याने?"

"बसायला जागा कुठाय! आणि धाकटा तर इतका वांड आहे, मला सोडतच नाही. आत्तासुद्धा चौघं-पाचजण जिन्यात नुसता धुमाकूळ घालतायत. तुझा आवाजसुद्धा नीट येत नाहीये. हॅलो? ताई?"

पलीकडे ताई ऐकत होती. काकाही फोन कानाला लावून, श्वास रोखून तसेच उभे राहिले.

"खोटारड्या," ताई म्हणाली, "जिन्यात पाच पोरं नाचतायत म्हणतोस, आणि मला इथे तुझा फ्रीज घुमताना ऐकू येतोय!"