थोरलीचा पंजा

पणजी घरोघरची धुणी धुवायची. आजीने जन्मभर लाँड्रीच्या भट्टीवर चादरी उकळल्या. आई त्याच लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून वाकली. तिघींपैकी एकीनेही शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता. चौथ्या पिढीतली थोरली मात्र शाळेत गेली, कारण दूरदेशीच्या एका बाईंनी तिच्या शिक्षणाचा भार उचलला होता. घरात त्यांना पत्रवाल्या आजी म्हणत. वर्षातून एकदा मदत पोचवणाऱ्या संस्थेमार्फत त्यांना पत्र जाई, आणि मूल किती वाढले ते कळावे म्हणून खाली हाताचा पंजा पेन्सिलीने गिरवलेला असे. थोरलीची करंगळी जन्मतः आत वळलेली. ती म्हणे, माझी करंगळी शेजारणीच्या कुचाळक्या ऐकायला वाकते.

दोन पत्रे गेली, आणि थोरली तापाने तीन दिवसांत गेली.

मदत एका घरात एकाच मुलाला मिळे, आणि ते मूल गेले की बंद होई. आईने बिऱ्हाड हलवले, शाळा बदलली, आणि वर्षाने लहान असलेल्या डावखुऱ्या धाकटीसमोर कागद ठेवला.

"आजपासून तू थोरली. करंगळी वाकवायला विसरू नकोस. आणि तिचा विषय या घरात पुन्हा निघता कामा नये."

नऊ वर्षांची पोर मेलेल्या बहिणीच्या नावाला वर्गात 'हजर' म्हणू लागली. दरवर्षी पंजा गिरवताना पेन्सिल करंगळीपाशी आली की कुणीतरी खांद्यावरून वाकून बघत असल्यासारखे तिला वाटे. पुढे पुढे करंगळी न सांगता वाकू लागली. धाकटी शिकली, नर्स झाली. एकदा वॉर्डात ती नाडी बघत असताना एका म्हातारबाबांनी विचारले, बाई, बोट मोडलं होतं का?

"माझं नाही ते," ती बोलून गेली. "बहिणीचं आहे."

त्या दिवशी तिने पत्रवाल्या आजींना सारे खरे लिहायला घेतले. खुळे, दाखले तिच्या नावाचे आहेत, नोकरी घालवशील, असे आई परोपरीने सांगत राहिली. पत्र गेले. महिनाभर दोघी पोस्टमनची वाट बघत राहिल्या.

उत्तर आले.

"बाळ, पहिल्या दोन पत्रांत पंजाचा अंगठा उजवीकडे होता, तिसऱ्यात तो डावीकडे गेला. करंगळी तू छान वाकवलीस, पण हात दुसराच ठेवलास; उजव्या हाताने गिरवणारं मूल वर्षात डावखुरं होत नाही. पहिली मुलगी राहिली नाही, हे मी तेव्हाच ओळखलं. शिकणारा हात तर होता, म्हणून पैसे थांबवले नाहीत. कागदावरचं तुझं नाव दुरुस्त करायला संस्थेला लिहिते आहे. फीचं तू माझं काही देणं लागत नाहीस. पण चौदा वर्षांपूर्वीचं एक पत्र मात्र येणं आहे. ती कशी होती गं?"

धाकटी कागद घेऊन इस्त्रीच्या टेबलाशी बसली. आई बराच वेळ एकच उशीचा अभ्रा दाबत राहिली. मग चौदा वर्षांत पहिल्यांदा तिने थोरलीला नावाने हाक मारावी तसे तिचे नाव घेतले.

"लिही. तिला इस्त्रीचा गरम कपडा गालाला लावायला आवडायचं."

अकरा पाने झाली. करंगळी आणि शेजारणीची ती चेष्टा लिहिताना दोघी हसल्या आणि हसता हसता रडल्या. शेवटी धाकटीने आपला उजवा हात कागदावर ठेवला. पेन्सिल करंगळीपाशी आली, वळसा घालून पुढे गेली. बोट सरळ होते. खांद्यामागे कुणी नव्हते.

सकाळी तिने पत्र पेटीत टाकले. थोरलीचे देणे पुरते फिटले.