तीन चित्रांचा, एका काट्याचा मी

मी एका काट्याचं मनगटी घड्याळ बोलतोय. चुकून एक काटा पडला असेल असं समजू नका. माझ्या तबकडीवर आकडे नाहीत, मिनिटं नाहीत, सेकंद तर नाहीतच. आहेत ती तीन चित्रं. वर थोडी उजवीकडे भाकरी, खाली उजवीकडे चांदणी आणि डावीकडे कोंबडा. माझा काटा दिवसरात्रीत मिळून एकच फेरी मारतो. म्हणजे मारायचा. लातूरच्या पोरांनी मला पाहून पोट धरून हसावं, असा माझा अवतार आहे. मीही त्यांच्याबरोबर हसतो, कारण माझी लाज वाटावी असं माझ्या आयुष्यात फारसं काही घडलेलं नाही.

जन्मतः मी चारचौघांसारखाच होतो. बारा आकडे, दोन काटे, रोज चावी द्यायची. किल्लारीच्या बाजूच्या एका गावात भागवत नावाच्या तरुणाला सासऱ्यानं लग्नात मला दिलं. भागवत मला नुसता मिरवायचा. वेळ विचारली की आधी बाही मागं सारायचा, मग आभाळाकडं बघायचा आणि मग अंदाजानं वेळ सांगायचा. त्याची बायको गुणाबाई पदराआड हसायची. तिला तर घड्याळ बिलकूल कळत नव्हतं. शाळेचं तोंडच पाहिलेलं नव्हतं तिनं.

त्र्याण्णव सालच्या भूकंपात भागवत गेला, घर गेलं, गावातली निम्मीअधिक माणसं गेली. ते मी सांगत बसणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना सांगूनही कळायचं नाही. दुपारी जवानांनी ढिगाऱ्यातून सात वर्षांची उज्वला जिवंत बाहेर काढली. गुणाबाईची एकुलती एक लेक. डोक्याला मार लागला होता. भागवतच्या वस्तूंबरोबर मीही गुणाबाईच्या हाती आलो. काच फुटलेली, मिनिटकाटा गायब.

महिन्याभरानं उज्वलाला पहिला झटका आला. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. लातूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि गुणाबाईला समोर बसवून सांगितलं, "सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. वेळ चुकवायची नाही. तीन वर्षं झटका आला नाही, तर गोळ्या बंद करू."

तीन वर्षं! गुणाबाईच्या मनात ते शब्द पक्के बसले. पण भूकंपानंतर राहायला मिळालेल्या पत्र्याच्या शेडमध्ये वेळ कुणाला विचारायची? शेजारणीला विचारावं तर ती दुसऱ्या शेजारणीला विचारायची. एकदा कुणाचं तरी बंद पडलेलं घड्याळ बघून गोळी तीन तास उशिरा दिली गेली आणि उज्वलाला झटका आला. त्या दिवशी गुणाबाई मला पदरात बांधून एसटीत बसली.

लातूरच्या गोलाई बाजारातल्या एका जिन्याखाली मन्मथअप्पांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अक्का, आकडे शिकवायला मला टाईम न्हाई अन् शिकायला तुमाला. म्या घड्याळच तुमच्यासारखं करून देतो."

त्यांनी माझे बारा आकडे खरवडून काढले. सहाच्या जागी कोंबडा, दोनच्या जागी भाकरी, दहाच्या जागी चांदणी काढली. मिनिटकाटा बसवलाच नाही. नवी काच लावली आणि सांगितलं, "काटा चित्रावर आला की गोळी. बस."

दुसऱ्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला गुणाबाई हजर.

"अप्पा, मघा ह्यो काटा चांदणीवर आला बघा."

"मग?"

"चांदणीची गोळी रातची हाय. अन् भायेर तर ऊन पडलंय. दिवसा कशी देऊ?"

अप्पांनी भिंग काढून ठेवलं. माझा काटा दिवसातून दोनदा फिरतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची चूक, आणि ती पकडली कुणी, तर कधी घड्याळ न वाचलेल्या बाईनं. "दिली तर न्हाई ना?" त्यांनी घाबरून विचारलं. "न्हाई," ती म्हणाली, "घड्याळापरीस सूर्य जुना हाय."

मग अप्पांनी मला पुन्हा उघडलं. मोडक्या घड्याळांच्या डब्यातून दुप्पट दातांचं एक चाक शोधलं, घासलं, बसवलं. आता काट्याला एका फेरीला अख्खी दिवसरात्र लागू लागली. चित्रं नव्यानं काढली. चाक जाडसर होतं, त्यामुळं तबकडी जराशी वर आली आणि काच नीट बसेना. अप्पांनी ती डिंकासारख्या कशानं तरी चिकटवली आणि बजावलं, "पाण्यात हात घालताना काढून ठेवा, अक्का."

तेव्हापासून मी गुणाबाईच्या मनगटावर. किती अभिमानानं मिरवलं तिनं मला! शेडमधल्या बाया म्हणायच्या, हे कसलं घड्याळ, हे तर पोरांचं चित्राचं पुस्तक. गुणाबाई ऐकून घ्यायची. काटा कोंबड्याच्या जवळ यायच्या आधीच ती उठून बसलेली असायची. एक वर्ष गेलं, झटका नाही. दुसरं गेलं, झटका नाही. माझं काम मी चोख केलं, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. नम्रपणा माणसांना शोभतो, घड्याळाला नाही.

तिसरं वर्ष पुरं व्हायला दोन-तीन महिने उरले असताना वेळा अमावस्या आली. आमच्याकडं तिला येळवस म्हणतात, शेतात जाऊन पिकाची, लक्ष्मीची पूजा करायचा सण. त्या दिवशी लातुरात चिटपाखरू दिसत नाही. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, आणि ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. भूकंपानंतर गुणाबाई कधी शेताकडं गेली नव्हती. तिची जमीन शेजारचे चंद्रप्पा बटईनं, निम्म्या वाट्यानं करायचे. ते आणि त्यांची बायको सिद्धम्मा दोघं येऊन म्हणाली, "औंदा चल. पोरगी बरी हाय. लक्ष्मीला तोंड दाखव."

कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी उभारलेली, आत पाच दगडांचे पांडव मांडलेले. भज्जी, उंडे, खीर आणि नव्या मडक्यात ताक-ज्वारीची आंबील. गुणाबाईनं कुंकू वाहिलं, हळद वाहिली. मग तिच्या मनात आलं, की आपल्या पोरीला जगवलं ते ह्या घड्याळानं. तिनं मला मनगटावरून काढलं आणि पांडवांच्या शेजारी मांडलं. हळदीकुंकू लावलं. हात जोडले. आणि सगळ्यांबरोबर माझ्यावरही पळीभर आंबील वाहिली.

इतका मान मला कुणी दिला नव्हता. आणि इतकं आंबटही कुणी पाजलं नव्हतं. काचेच्या फटीतून आंबील आत उतरली, ज्वारीचे कण चाकांच्या दातांत अडकले. काटा भाकरीच्या अगदी अलीकडे होता. तिथंच तो थांबला.

गुणाबाईनं मला पुसून पुन्हा मनगटावर बांधलं. जेवणं झाली. तिनं माझ्याकडं पाहिलं. काटा भाकरीला टेकायचा होता. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. अजून टेकायचाच होता. सिद्धम्माशी बोलता बोलता दर थोड्या वेळानं ती मनगट वळवायची आणि निश्चिंत व्हायची. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बाई, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मी मेलोय. तीन वर्षांत मी तिला एवढी सवय लावली होती, की ती आता सूर्याकडं बघायचीही विसरली होती. तो माझाच गुन्हा म्हणा.

कोपीची सावली पार बांधाला जाऊन भिडली, तेव्हा कुठं गुणाबाईची नजर त्या सावलीवर पडली. तिनं मला कानाशी धरलं. टिकटिक नव्हती.

ती अनवाणी धावली. ढेकळांतून, काट्यांतून, "उज्वे, उज्वे" करत. उज्वला चिंचेखाली सिद्धम्माच्या नातवंडांबरोबर खेळत होती. गुणाबाईनं गोळीसाठी पदराची गाठ सोडायला घेतली, तशी पोरगी म्हणाली, "माय, मी घेतली."

"काय घेतली?"

"गोळी. तू भांडे घासू लागली, तवा मागून पदराची गाठ सोडून काढली. दोन वाजले होते."

गुणाबाईनं पाकीट काढून मोजलं. एक गोळी कमी होती. ती तिथंच ढेकळात खाली बसली.

"तुला कुणी सांगितलं दोन वाजले?"

"आज तू हाक मारली नाहीस, म्हणून चंद्रप्पा काकाच्या घड्याळात बघितलं."

"तुला घड्याळ कळतंय?"

"दुसरीपासून."

"मग इतके दिस सांगितलं का न्हाईस?"

उज्वलानं हातातले चिंचोके खाली ठेवले. मग म्हणाली, "तू बघतीस ना घड्याळाकडं, मग मी बिनघोर खेळते."

गुणाबाईनं तिला जवळ ओढलं. मी दोघींच्या मध्ये दाबला गेलो होतो, ओला, हळदीनं पिवळा झालेला. मला वाटायचं की पोरगी माझ्यामुळं जगली. त्या दिवशी कळलं, की माझा काटा फक्त निमित्त होता. पोरीचा भरवसा आईच्या जागेपणावर होता. मला वाईट वाटलं नाही, उलट अंगावरचं मोठं ओझं कमी झालं.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मला उघडलं आणि वास घेऊन म्हणाले, "अक्का, घड्याळाला आंबील पाजली का?" तिनं मान खाली घालून 'हाव' म्हटलं. अप्पा हसले नाहीत. त्यांनी माझा एकेक दात धुतला, वाळवला, तेल दिलं. पैसे विचारल्यावर म्हणाले, "लक्ष्मीच्या पूजेत बसून आलंय, त्याचे पैसे कसे घेऊ?" असा कारागीर मला लाभला.

तीन वर्षं पूर्ण झाली. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी केल्या आणि मग बंद केल्या. गुणाबाईनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. माझं काम संपलं होतं, पण मला कुणी सुट्टी दिली नाही.

पुढं लातुरात ट्युशनांचं पेव फुटलं. नांदेड, बिलोली, उमरी, कुठून कुठून पोरं येऊन खोल्या घेऊन राहू लागली. गुणाबाई उज्वलाला घेऊन लातुरात राहायला आली आणि तिनं ट्युशन एरियात मेस सुरू केली. सकाळ-दुपार-संध्याकाळ भाकऱ्या. चाळीस पोरं जेवायला. पोरांच्या मनगटावर झकपक घड्याळं, आणि प्रत्येकाच्या तोंडी मिनिटांची भाषा. बिलोलीच्या देविकानं एकदा मला निरखून विचारलं, "मावशी, यात मिनिटं कुठे आहेत?"

"मिनिटं तुमाला लागतेत, बाई. मला तीनच टाईम लागत होते."

पण काटा भाकरीवर आला की तिचा हात थबकायचा. तव्यावर भाकरी तशीच आणि ती दारात जाऊन उभी. उज्वला कॉलेजात असो, वाचनालयात असो, ती परत आलेली दिसेपर्यंत मावशी जागची हलायची नाही. पोरांनी त्याला नाव ठेवलं होतं, मावशीचा दोनचा ब्रेक. करपलेल्या भाकरीबद्दल कुणी तक्रार केली नाही, हे त्या पोरांचे उपकार.

उज्वला शिकायला नांदेडला गेली, तिथंच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला लागली. रोज दोनला तिचा फोन यायचा. फोनवर काही विशेष बोलणं नसायचं. "जेवलीस?" "जेवले." एवढंच. तो येईपर्यंत गुणाबाईचा घास अडायचा. गोळ्या बंद होऊन अकरा-बारा वर्षं झाली होती, एकही झटका नव्हता, तरी तिनं पोरीला कधी चुलीपुढं, गॅसपुढं बसू दिलं नव्हतं. आणि मला रोज न चुकता चावी द्यायची. कधी कधी वाटायचं, बाई, किती वर्षं पहारा देशील? माझं यंत्र दमलं, तू कशी दमत नाहीस?

गेल्या दिवाळीत उज्वला सुट्टीला आली. मेसमध्ये भाकऱ्या करणारी बाई आजारी पडली होती. सकाळपासून गुणाबाई एकटीच राबत होती. उज्वलानं तिच्या हातातून पीठ घेतलं आणि म्हणाली, "माय, तू आत जाऊन पड जरा."

"गॅसपाशी तू?"

"मीच."

गुणाबाई बराच वेळ तिच्याकडं बघत उभी राहिली. मी मनगटावर होतो. तिची नाडी मला कळत होती. मग ती आत गेली, सतरंजी टाकली आणि आडवी झाली. बाहेरून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. पोरं उज्वलाला चटणी मागत होती. माझा काटा भाकरीवर आला. गुणाबाई उठली नाही. ती गाढ झोपली होती, तोंड थोडं उघडं, हात उशाशी.

संध्याकाळी उठली ती ताजीतवानी. त्या दिवशी मला चावी द्यायची ती विसरली. दुसऱ्या दिवशीही विसरली. तिसऱ्या दिवशी मी थांबलो, आणि दोन दिवस ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग तिनं मला एका डब्यात ठेवून दिलं.

शेजारची शिवम्मा म्हणते, "बंद घड्याळ घरात ठेवू नये." गुणाबाई मान हलवते आणि मला डब्यातून काढून, पुसून पुन्हा डब्यात ठेवते. मन्मथअप्पा आता नाहीत. असते तर त्यांना सांगितलं असतं, की तुम्ही बसवलेलं चाक शेवटपर्यंत टिकलं. भागवतचे, अप्पांचे, त्या चाळीस-चाळीस पोरांचे, सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

माझं एकच मागणं आहे. उद्या या घरात कुणी लहान मूल येईल, डबा उघडेल, मला कानाशी लावेल आणि चावी द्यायला बघेल. बाळा, देऊ नकोस. माझी टिकटिक ऐकली की तुझी आजी दचकून उठेल. तिला दुपारचं झोपू दे.