आठ प्लॉट आणि एक मुनवा

आत्याने मोबाइलवरून दिलेला हुकूम पडद्यावर आला आणि वर्षाराणीने कान बाहेर लावले. मोटारीच्या खोलीच्या दारातून केळीची बाग दिसत होती, पण तिला बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. व्हॉल्व्ह उघडला की ठिबकच्या नळ्यांतून आधी हवा सुसकारते आणि मग पाणी येतं. विहिरीकडच्या प्लॉटातून सुसकारा आला. तिने सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात दुसरा सुसकारा आला, मग तिसरा, आणि मग मोजण्यात अर्थच उरला नाही.

"एकच म्हणलं हुतं ना गं मी?" बाहेरून चांगुणाआत्याचा आवाज आला.

आठही प्लॉट सुरू झाले होते. चार नंबरात घड कापणं चाललं होतं. कापणीच्या आधी तिथलं पाणी आत्याने आठवडाभर तोडलं होतं, घड वाहणाऱ्या बायांचे पाय घसरू नयेत म्हणून. आता त्याच बाया खांद्यावर घड घेऊन ओरडत आणि हसत एका पायावर उड्या मारत बांधाकडे निघाल्या होत्या.

"यप्पा!" उलट्या घातलेल्या क्रेटवर बसलेला संगमेश म्हणाला. त्याच्या हातातला पेचकस तसाच राहिला. "माझे व्हॉल्व्ह बरोबर हायत हां. त्यांना जे सांगितलं ते त्यांनी केलं."

हे त्याने पहिल्या अर्ध्या मिनिटात सांगून टाकलं, कारण व्हॉल्व्ह आणि त्यांच्या पेट्या त्याच्या होत्या आणि त्यांना हुकूम देणारी भाषा वर्षाराणीची होती. दोघं नांदेडला इंजिनिअरिंगला एका बाकावर होते. तो उदगीरचा, डाळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. ती पुण्याची नोकरी बिनपगारी रजेवर ठेवून सहा महिने अर्धापूरला आत्याकडे येऊन राहिलेली. आत्याचा नवरा एसटीत ड्रायव्हर, त्यामुळे आठ एकरांची बाग पहिल्यापासून आत्याचीच. कुठल्या झाडाला काय हवं ते तिला लांबून कळायचं आणि माणसांचंही तसंच होतं.

वर्षाराणीने घडवलेली भाषा छोटीशी होती. मोबाइलवर साध्या मराठीत दोन ओळी लिहायच्या आणि पाणी सोडायचं. त्या भाषेत बागेतली प्रत्येक गोष्ट एक ऑब्जेक्ट होती, म्हणजे जिला नाव आहे आणि स्वतःबद्दल चार गोष्टी ठाऊक आहेत अशी वस्तू. ही ऑब्जेक्टं जन्माला कशी घालायची यावरून दोघांचं मार्चमध्ये एवढं वाजलं होतं की चार दिवस चहासुद्धा वेगवेगळा झाला. संगमेशचं म्हणणं, आधी साचा करायचा आणि त्यातून विटा पाडाव्यात तसे प्लॉट पाडायचे. सगळं जग असंच करतं. वर्षाराणीला साचा नको होता. शेतकरी साच्याचा विचार करत नाही, तो म्हणतो, "हा प्लॉट त्या प्लॉटासारखाच, फक्त पाणी जरा कमी." म्हणून तिने एक मूळ ऑब्जेक्ट केलं, त्याचं नाव 'बाग'. आठही प्लॉट बागेची लेकरं. लेकराला एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर त्याने आईला विचारायचं. आईलाही ठाऊक नसेल तर पडद्यावर लाल अक्षरांत यायचं: 'आडातच नाही.'

"ही एरर हाय का म्हण?" संगमेशने तेव्हा विचारलं होतं.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आत्याला याच्याहून सोपं करून दाखव," ती म्हणाली होती, आणि तेवढ्यावर चहा पुन्हा एकत्र सुरू झाला होता.

आजचा दिवस मात्र थट्टेचा नव्हता. रजा संपली होती. परत रुजू होणार की नाही, ते संध्याकाळी पाचच्या आत कळवा, असा पुण्याहून मेल येऊन पडला होता. इकडे केळी उत्पादकांच्या गटातल्या बावीस जणांनी एकच सांगितलं होतं, चांगुणाबाई हो म्हणाल्या तर आमच्याही बागेत बसवा. आत्या हो म्हणाली तर वर्षाराणीला इथेच राहून हे काम करता येणार होतं. नाही म्हणाली तर सोमवारी नवव्या मजल्यावरची तीच खुर्ची. तिला जायचं नव्हतं. सकाळी बागेत शिरताना अंगावर येणारा तो ओला गारवा तिला हवा होता, संगमेशशी भांडणं हवी होती, आत्याचे टोमणेसुद्धा हवे होते. आणि एवढं सगळं पणाला लागलेलं असताना तिनेच आत्याला बोलावून सांगितलं होतं, की आज तू स्वतः हुकूम दे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिने आठही व्हॉल्व्ह बंद केले आणि आत्याने मोबाइलवर काय लिहिलं होतं ते काढलं. एकच ओळ होती: 'विहीरकाठ.वेळा मध्ये सकाळी दहा घाल.' चूक कुठेच नव्हती. वर्षाराणीने ती ओळ चार वेळा वाचली आणि पाचव्यांदा कपाळाला हात लावला.

"कळलं?" संगमेशने विचारलं.

"कळलं. सहा महिन्यांत मी प्रत्येक वेळी नवी यादीच दिली रे. 'आणखी एक घाल' असं कधी म्हणूनच बघितलं नाही."

"आन् शेतकरी आणखीच म्हणतो."

"नेहमीच म्हणतो."

"साचा केला असता तर—"

"संगमेश, आत्ता नको."

आत्या आत आली. साडीचा काठ चिखलाने भरला होता. तिने माठातलं पाणी तोंडावर मारलं, पदराने तोंड पुसलं आणि खाटेवर बसली.

"काय झालं ते मला समजंल असं सांग. इंग्रजी न्हाई."

वर्षाराणीने सांगितलं. विहीरकाठच्या प्लॉटकडे स्वतःची वेळांची यादी नव्हतीच. तो आईची, म्हणजे बागेची यादी वापरत होता. आत्याने त्याला म्हटलं, तुझ्या यादीत दहाची वेळ घाल. त्याने जी यादी हाताशी होती तिच्यात घातली. ती यादी आईची निघाली आणि आईची यादी सगळ्या लेकरांची.

आत्या खाट करकरेपर्यंत हसली.

"म्हंजी येका लेकरानं भाकर मागितली, आन् आईनं सगळी पंगत बसवली!"

"असंच."

"बायकांचे पाय भिजले, ती सखू तर घड टाकून पळाली." आत्याने डोळे पुसले. "चल बाहेर. ते डबडं राहू दे."

सहा नंबरात एका केळीपाशी आत्या खाली बसली. मोठ्या खोडाच्या बुंध्यातून एक मुनवा वर आला होता, हातभर उंचीचा, तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचा. आत्याने बोटांनी त्याच्याभोवतीची माती बाजूला केली.

"ह्याला सोताचं काय हाय सांग."

"काहीच नाही. आईच्या कंदावर जगतो."

"हाव. खाणं आईचं, पाणी आईचं. आता हे बघ." तिने आणखी माती सारली. मुनव्याच्या तळाशी पांढरी, दोऱ्याएवढी एक मुळी फुटली होती. "ही मुळी ह्याची. हिनं जे पिलं ते आईच्या पोटात जात न्हाई. बाकीचं अजून आईच देती. तोडलं बी न्हाई, आन् मिसळलं बी न्हाई."

"मुळी कधी फुटते गं?"

"आता बाई!" आत्याने तिच्याकडे असं बघितलं की जणू सूर्य कधी उगवतो म्हणून विचारलं. "लागती तवा. पयल्यांदा त्याला सोताचं काही पाहिजे झालं का फुटती. त्याच्या आधी कशाला फुटंल?"

वर्षाराणी उकिडवी बसलेली होती, ती तशीच राहिली. मग तिने आत्याचा मातीने भरलेला हात धरून दोनदा दाबला आणि मोटारीच्या खोलीकडे पळत सुटली. वाटेत तिची एक चप्पल राहिली.

"डोस्कं फिरलं," आत्या चप्पल उचलत म्हणाली.

वर्षाराणीने संगमेशला धापा टाकत सांगितलं. लेकराने यादी नुसती वाचली तर आईचीच द्यायची. पण ते यादीला पहिल्यांदा हात लावेल, त्या क्षणी आईच्या यादीची एक नक्कल त्याच्या नावावर करायची आणि जे घालायचं ते त्या नकलेत. बाकी सगळं आईकडेच राहू द्यायचं.

संगमेशने पेचकस खाली ठेवला. त्याला चूक शोधायची होती आणि ती सापडत नव्हती, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"साच्यातून पाडलेल्या विटेला मागाहून साचा बदलला तर पत्ता लागत न्हाई," तो शेवटी म्हणाला. "तुझ्या लेकरांना लागतो. मी असं म्हणलो हे उदगीरला कुणाला सांगू नको."

अकरा ओळी लागल्या. त्या लिहायला वीस मिनिटं आणि त्यांनी जे बिघडवलं ते नीट करायला साडेतीन तास. जेवण तसंच राहिलं. आत्याने दोन भाकरी आणि ठेचा दारात ठेवला, तोही संगमेशनेच संपवला. या आठवड्यात लाईट आठ ते चार होती, त्यामुळे चारच्या आत मोटार चालू असताना जे दाखवायचं ते दाखवायला हवं होतं. सव्वातीनला वर्षाराणीने आत्याला हाक मारली.

"परत तेच लिही. वेळ आत्ताची टाक."

आत्याने एका बोटाने लिहिलं. तिघंही दारात येऊन उभे राहिले. विहिरीकडून सुसकारा आला. मग नळ्यांतून थेंब पडायचा बारीक आवाज. दुसरा सुसकारा आला नाही. चार नंबरातल्या बाया हातातलं काम थांबवून पायांकडे बघत होत्या. सखूने दोन्ही हात वर करून कोरडं आहे अशी खूण केली.

"आता बागेला सांग, सगळ्यांना उद्या नऊला," वर्षाराणी म्हणाली.

आत्याने लिहिलं. पडद्यावर सात प्लॉटांच्या यादीत नऊची वेळ आली. विहीरकाठने, हवं होतं तसंच, स्वतःची यादी धरून ठेवली होती. संगमेशने पाइपवर पेचकसाने ताल धरला आणि वर्षाराणी त्या एवढ्याशा खोलीत गिरकी घेऊन खाटेवर पडली. तिला इतका आनंद झाला होता की काय करावं तेच कळेना. मग तिने उठून आत्याकडे बघितलं.

आत्या मोबाइल पदरात गुंडाळत होती.

"आत्या, मग गटाला—"

"बघू," आत्या म्हणाली आणि निघून गेली.

चारला मोटार थांबली. बाग एकदम शांत झाली. संगमेश पेट्यांची झाकणं लावू लागला. 'बघू'चा अर्थ उदगीरलाही तोच होतो. वर्षाराणीने पुण्याचा मेल उघडला. 'आदरणीय' एवढं लिहून ती थांबली. भाषा बरोबर चालली होती. तेवढ्याने भागत नाही, हे तिला माहीत होतं. माणसाचा विश्वास दहा वाजता एकदा उडाला की सव्वातीनला परत येईलच असं नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. आत्याच्या मोबाइलवरून नव्या ओळी आल्या होत्या.

'वर्षा = बाग पासून.'

'वर्षा.वेळा मध्ये सकाळी साडेआठ घाल.'

'वर्षा चालू कर.'

आणि खाली लाल अक्षरांत: 'वर्षा.व्हॉल्व्ह: आडातच नाही.'

अजून एक चूक, तीही आत्याच्याच हातात. ती अनवाणीच बाहेर आली आणि आत्याला शोधत निघाली. आत्या रस्त्याकडेच्या पट्ट्यात होती. तो दीड एकराचा तुकडा चांगल्या मातीचा, पण आत्याने तो दोन वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता. शेजाऱ्याने मागितला, दिला नाही. दिराने मागितला, त्यालाही नाही. आता कोपऱ्यात एक खड्डा खणलेला होता आणि आत्या त्यात मुनवा उभा करत होती. बुंध्याला आईच्या पायाची माती तशीच ठेवलेली होती.

"आत्या, तू वर्षा नावाचा प्लॉट केलास. त्याला व्हॉल्व्हच नाही. म्हणून लाल आलं."

"न्हाईच हाय."

"अगं, पण असा प्लॉटच नाही आपल्याकडे. आठच आहेत."

आत्याने माती लोटली आणि पायाने दाबली.

"उभी काय राहिलीस? पहार दे तिकडची."

वर्षाराणीने पहार दिली. तिच्या मनात एकच होतं, ते तिने विचारून टाकलं.

"गटाला काय सांगणार?"

"ते सकाळीच सांगितलं. दहा वाजता."

"दहा वाजता? तेव्हा तर सगळं बिघडलं होतं."

"पोरगीच्या भाषेत येक वाल उघड म्हणलं तर आठ उघडले," आत्या म्हणाली. "म्हंजी आठी वाल तिचं ऐकतेत. ह्या बागेत माझं तरी कोण इतकं ऐकतं? म्हणलं, बसवून घ्या, उद्या सकाळी सगळे येऊन बघा."

वर्षाराणीला हसू आणि रडू एकदम आलं. तिने आत्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. आत्याने ते थोडा वेळ राहू दिलं, मग खांदा हलवला, कारण पहार जड होती.

"आन् ते लाल काय आलं म्हणलीस?"

"आडातच नाही."

"मग खण की आड."

तिने डोळे पुसले, मोबाइल काढला आणि 'आदरणीय'च्या पुढे दोनच ओळी लिहिल्या. पाचला पंधरा मिनिटं कमी होती. मग तोंडाशी हात धरून तिने मोटारीच्या खोलीकडे हाक मारली.

"संगमेश! एखादा व्हॉल्व्ह आहे का रे जास्तीचा?"