म्हाताऱ्या घोडीचे खूर

"आधी हिला घे," मोतद्दार म्हणाला आणि त्याने म्हातारी घोडी रांगेच्या पुढे आणून उभी केली.

नालबंदाने कानस खाली ठेवली. "दाजी, हिला या खेपेला वगळायचं म्हणून मॅनेजरने बजावलंय मला. सोमवारी गाडीत घालून लांबच्या पांजरपोळात पाठवणार ना तिला?"

"तुझ्या बहिणीने बजावलेलं कधी ऐकलंस का? मग त्याचंच बरं ऐकतोस!"

नालबंद हसला. दाजी म्हणजे गरीब गाय. वरच्याने हो म्हटलं की हो, नाही म्हटलं की नाही. सारा जन्म या तबेल्यात गेला, पण आवाज कधी चढला नाही. मात्र दर दीड महिन्याला प्रत्येक जनावराचे खूर तासले जाणार म्हणजे जाणार. त्यात त्याने कधी हयगय होऊ दिली नव्हती.

घोडीचे खूर वाढून फताडे झाले होते. चालताना ती अडखळे. नालबंदाने पुढचा पाय गुडघ्यांत धरला आणि कानस चालवली. एक खूर तासला की उरलेले तीनही तासावेच लागतात, नाहीतर जनावर वाकडं पडतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. म्हणूनच तर मॅनेजर यायच्या आत सुरुवात करायची मोतद्दाराला घाई होती.

पुढचे दोन पाय होतात न होतात तोच मॅनेजर आला.

"अहो मामा, ही जायचीये ना? हिच्यावर कशाला वेळ घालवताय? घोडेस्वारी शिकायला आलेली मुलं खोळंबलीत तिकडे."

"जायचीये म्हणूनच. एवढा प्रवास ती पायांवर उभी राहून करणार, खुर्चीत बसून नाही."

"सोडा तिला."

"अशी अर्ध्यावर? लंगडेल ती. नाही सोडणार."

कानस थांबली. या माणसाच्या तोंडून 'नाही' मॅनेजरने कधी ऐकलंच नव्हतं.

"मग उद्यापासून येऊ नका."

मोतद्दाराने घोडीच्या मानेवरून हात फिरवला.

"बरं," तो म्हणाला. "आज तर आहे ना मी? मागचे दोन पाय राहिलेत."

मॅनेजर तणतणत निघून गेला.

नालबंदाने मागचा पाय उचलला. म्हातारीला तीन पायांवर तोल आवरेना. मोतद्दाराने तिच्या अंगाला खांदा लावला, तसा तिचा सगळा भार हळूहळू त्याच्यावर आला. त्याने टाचा मातीत रोवल्या.

"जड होतेय का, दाजी?"

"तू तास. घाई करू नकोस."