पाचवा हिस्सा

अस्वलाच्या तेलाची बाटली पालथी केली तरी थेंब पडला नाही, तेव्हा लुरानाने विस्तवाशी बसलेल्या सुनेकडे पाहिले. हेटीने मान खाली घालून सांगून टाकले, की सकाळच्या मक्याच्या भाकऱ्या तिने त्यातच तळल्या.

"म्हंजी त्ये अस्वल म्या खाल्लं?"

"चार भाकऱ्या खाल्ल्यासा की, आत्याबाई. वर म्हनलासा, आज लई खुसखुशीत झाल्यात."

तो दिवस नेमका नोव्हेंबरातल्या नेमबाजीचा. टेनेसीच्या त्या खोऱ्यात दरवर्षी एक गाय पैजेवर लागे आणि ठासणीच्या बंदुकीने तीन गोळ्या फळीवरच्या फुलीच्या जवळ मारील त्याला तिचा हिस्सा मिळे. लुरानाचा नवरा एनॉस याची देवावरची श्रद्धा बेताची होती. अस्वलाच्या तेलावरची मात्र अढळ. गोळीभोवतीची चिंधी याच तेलात भिजली पाहिजे, म्हणजे ती नळीत सुळकन उतरते आणि थंडीत गोठत नाही, असे तो मरेपर्यंत सांगत राहिला. मागे ठेवली ती बंदूक आणि ही बाटली.

आता बंदूकही जायच्या वाटेवर होती. हेटीला सातवा महिना लागला होता आणि तिच्या नवऱ्याला, ओर्विलला, बंदुकीच्या बदल्यात लोखंडी शेगडी आणायची होती. आज लुरानाने नेम मारून गाईचा एक हिस्सा घरी आणला तर बंदूक भिंतीवर राहील, नाही तर सोमवारी शेगडी येईल, असे मायलेकांत ठरले होते. मुलाचे चुकत नव्हते, हे लुरानाला कळत होते. म्हणूनच तिला त्याचा जास्त राग येत होता.

मैदानावर सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने खारवलेल्या डुकराची चरबी पुढे केली. तिच्यातल्या मिठाने नळी गंजते, हे खोऱ्यातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होते. धाकटा दीर हॉबर्ट गाईच्या चरबीत मेण कढवून आणी आणि तिच्यावर पाद्र्यापेक्षा लांब प्रवचन देई. त्याने डबी उघडून धरली.

"घ्या, वैनी. लाजू नका. दादाचं त्याल म्हंजी नुसता वास."

"वास तुमालाबी हाय, भावजी. नेम लागतुया व्हय त्यानं?"

तिने डबीत बोट खुपसून पाहिले. रात्रीच्या हिवाने चरबी मेणबत्तीसारखी कडक झाली होती. डबी तिने परत केली, चिंधी तोंडात घातली आणि चघळली. थुंकीवरची गोळी ठासल्या ठासल्या उडवावी लागते. ती उडाली आणि फुलीला चाटून गेली.

दुसऱ्या वेळी साऱ्यांचे डोळे तिच्यावर होते, ओर्विलचेही. तोंडाला कोरड पडली. चिंधी अर्धी सुकीच गेली, नळीत करपली आणि गोळी फळीच्या कडेला लागली. हॉबर्ट उगाचच खोकला.

तिसऱ्या चिंधीपुरता ओलावाही आता उरला नव्हता. ती पाणी प्यायली. ते पोटात गेले, तोंड होते तसेच राहिले. चिंधी नुसत्या पाण्यात बुडवावी तर ते नळीतल्या दारूत उतरून ती भिजण्याची भीती. तेवढ्यात हेटी पोट सावरत गर्दीतून पुढे आली. डोहाळ्यांपायी ती हल्ली झग्याच्या खिशात व्हिनेगरमधली काकडी बाळगत असे. तिने अर्धी मोडून सासूच्या तोंडात कोंबली.

"चावा, आत्याबाई. त्याल म्या संपिवलं. थुकीचं म्याच बघते."

लुरानाच्या जबड्यात कळ उठली, डोळे मिटले आणि तोंड भरून आले. तिने चिंधी भिजवली, गोळी ठासली आणि जिभेवरचे आंबट ओसरण्याआधी घोडा ओढला.

शेजारी हॉबर्ट गोळी ठासायच्या गजावर लाकडी हातोडी हाणत होता. गोठलेल्या चरबीवरून उतरता उतरता त्याची गोळी चेपली आणि भलतीकडे गेली.

सुतळीने तिन्ही गोळ्यांची अंतरे मोजली गेली. लुराना पाचवी, हॉबर्ट नखभर मागे, सहावा. पहिल्या चौघांनी मांसाचे चार तुकडे उचलले. तिच्या वाट्याला कातडे आणि चरबी आली.

"आये, ह्याला हिस्सा म्हनत्यात व्हय?" ओर्विलने विचारले आणि साऱ्यांनी हॉबर्टकडे पाहिले, कारण तीस वर्षे सुतळी आणि नियम दोन्ही त्याच्याच हातात होते.

हॉबर्टने सुतळी बोटांभोवती गुंडाळली. "आपल्या खोऱ्यात गाईला पाच हिस्से असत्यात," तो म्हणाला. "पाचवा ह्योच."

ओर्विलने ओले कातडे खांद्यावर घेतले. बंदूक आता भिंतीवरच राहणार होती; शेगडीचा प्रश्न त्या कातड्याबरोबरच घरी निघाला. लुरानाने मात्र चरबीचा एक मोठा गोळा तोडला आणि दिरापुढे धरला.

"घ्या, भावजी. लाजू नका."