अस्तर

"हातात सुई नसताना हे गाणं म्हणायचं नाही, तुळशे. आणि जरीचं टोक कधी देवाच्या अंगाला लागू द्यायचं नाही. वचन दे."

हे वचन घेणाऱ्या सासूबाईंना जाऊन एकवीस वर्षं झाली. तेव्हापासून आषाढी एकादशीसाठी मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या विठ्ठलाची अंगी मी एकटी शिवते. वर जरीचं कापड, आत मऊ मलमलीचं अस्तर. शिवताना म्हणायचं गाणं दोघींचं आहे, एक ओळ त्यांची, एक माझी.

यंदा वैशाखात जुन्या वारशाच्या सरकारी यादीसाठी गाणं टिपायला कीर्तना आली. पोर गुणी, पण कानडीच बोलणारी.

"अम्मा, सुई जरा खाली ठेवता? बांगड्यांचा आवाज येतोय मैकमध्ये."

"सुई ठेवली की गाणं थांबतं गं पोरी, मगळे."

ती कागद चाळत राहिली. "फॉर्मात 'गाणं' एवढाच रकाना आहे, अम्मा. शिवण कुठं लिहू?"

देवस्थानचे अध्यक्ष बिंदुमाधवराव दारातच उभे होते. "हट्ट कशाला रि, वहिनी? रस्ता रुंद करायला निघालेत. यादीत नाव लागलं तर देऊळ वाचेल. तुमची सुई दाखवून वाचेल होय?"

त्यांचंही खोटं नव्हतं. मी म्हटलं, "शब्द सांगते, चाल देवळातल्या भजनाच्या पोरींना ठाऊक आहे. त्या म्हणू देत. मी नाही."

पोरींनी म्हटलं. एकसारख्या साड्या, पेटीची साथ, आणि रिकाम्या बोटांनी हवेत टाके. गोड म्हटलं हो. मीही टाळ्या वाजवल्या.

आज दशमी. सकाळी अंगीचं कापड मागायला देवळात गेले तर बिंदुमाधवराव हसत म्हणाले, "यंदा बेंगळूरहून तयारच आणलीय. उद्या फोटो काढायला येणार ना यादीवाले! तुम्ही डोळ्यांना आराम द्या."

ते गेल्यावर मी अंगी उलटी करून पाहिली. अस्तर नव्हतं. जरीची टोकं गवताच्या कुसळासारखी उभी होती. मी नुसती हात फिरवत बसले.

पुजारी वेंकोबा समई पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "अंगी घालणार मीच ना, तुळसक्का? आत काय आहे ते कोण बघतंय? पहाटे पूजेआधी आणून द्या. आयतु, झालं."

अंगी पदराआड घेऊन घरी आले. दशमीचं एकवेळचं जेवण उरकलं, हात धुतले. पेटीतली कोरी मलमल काढली. माप काढावं लागलं नाही, बोटांना पाठ आहे. खिडकीशी बसून सुईत दोरा घातला, तिसऱ्या खेपेला गेला.

*घाल टाका हळू बाई, सावळा कोवळा...*

ही सासूबाईंची ओळ. तीही मीच म्हटली. मग दोरा ओढला आणि माझी म्हटली.