फैजलची कॅसेट

फैजल गेल्याचा फोन आला तेव्हा आदेश डोलवीच्या कंपनीत शिफ्टवर होता. लहानपणापासूनचा दोस्त, दोहात झोपेतच गेला आणि तिथंच दफन झाला. आदेशनं फोन खिशात टाकला, दाब मोजायचे राहिलेले दोन गेज तपासले, डबा खाल्ला. भाजी खारट झाली होती, तीही निमूट संपवली आणि रामवाडीला घरी आला. बायको प्रणिता म्हणाली, "रडून घ्या हो जरा." आता रडू म्हणजे काय नळ आहे, सोडला की यायला? नाही आलं. चार महिने झाले तरी आलं नाही. माणसाला स्वतःचीच लाज वाटावी, असं झालं होतं त्याचं.

मग एका रविवारी फैजलची बहीण रिझवाना अष्टमी गावाहून एक खोका घेऊन आली. खोक्यात त्या दोघांचा जुना कॉम्प्युटर, टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट. आजच्या पोरांना सांगून पटायचं नाही, पण अख्खा कॉम्प्युटर त्या कीबोर्डाच्या पोटात असायचा. पडदा म्हणजे घरचा टीव्ही. आणि बटण बंद केलं की गडी सगळं विसरायचा, म्हणून लिहिलेला प्रोग्राम टेपरेकॉर्डरला जोडून कॅसेटमध्ये भरून ठेवायचा. फैजलच्या वडिलांनी, मुसाचाचांनी, सत्त्याऐंशी साली कुवेतहून आणलेला. आदेशचं घर तेव्हा अष्टमीतच, शेजारच्या आळीत. दोघं बारा वर्षांचे, शाळा सुटली की त्या डब्याला चिकटलेले.

"अम्मी म्हणते, आदेशकडे ने. ही कॅसेट लागली पाहिजे, एवढंच म्हणते," रिझवाना म्हणाली.

कॅसेटवर फैजलच्या किरट्या अक्षरात 'अम्मीसाठी' लिहिलं होतं. आदेशला लगेच आठवलं. अम्मीचं नाव पडद्यावर वरून खालपर्यंत धावेल असा प्रोग्राम फैजलनं केला होता. पण अम्मीला, म्हणजे ताजुन्निसाचाचीला, बघायला वेळ कुठला! "थांब रे, भात उतरवते," "थांब रे, म्हस सुटली हाय." ते बघायचं राहूनच गेलं. आता म्हातारीला तेच बघायचंय, असं आदेशनं धरलं. विचारलं मात्र नाही. विचारायचं ना, मेल्या! पण नाही.

दोन महिने तो त्या डब्यापुढं बसला. फुगलेले कपॅसिटर उपटून नवे लावले. बटणांखालचा पातळ पडदा तडकला होता, तो मुंबईहून मागवला. टेपरेकॉर्डरचा पट्टा वितळून चिकट झाला होता, तो बदलला. दोन बटणं गायबच होती. ती गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यातल्या काळुरामनं रबराच्या साच्यात ओतून दिली. "उंदराचे दात करून घेतोस काय रे?" काळुराम हसला. आदेशही हसला, तोंडापुरता. हात चालायचे, आतलं काही हलत नव्हतं.

कॉम्प्युटर चालू झाला. मग कॅसेट लावली. प्रोग्रामाचा आवाज म्हणजे नुसती किरकिर, कान किटतील अशी. पण आला तो चाचीचा आवाज. "अस्सलाम अलैकुम. इकडं सगळी खैरियत हाय..."

आदेशला काय झालंय ते क्षणात कळलं. त्या काळी अष्टमीत चिठ्ठ्या कमी, कॅसेटी जास्त. आखातातून नवऱ्याची कॅसेट यायची, ऐकून झाली की बायको तिच्यावरच जवाब भरायची आणि जाणाऱ्याच्या हाती धाडायची. कोणी घाईनं निघालं असेल, घरात मोकळी कॅसेट नसेल, चाचीनं हाताला लागली ती घेतली. पोराच्या प्रोग्रामावर बोलून मोकळी झाली.

दोन मिनिटं कौलांचं, पावसाचं ऐकलं आणि आदेशनं टेप थांबवला. नवराबायकोचं बोलणं परक्यानं ऐकू नये, एवढी रीत त्याला होती. मग विचार आला, पोराची एवढीशी आठवण आपल्याच हातानं पुसली, हे म्हातारीला आता कशाला कळू द्यायचं? प्रोग्राम तो काय, चार ओळींचा. त्यानं स्वतःच लिहिला. अक्षर फैजलचं म्हणून कॅसेट तीच घ्यायला हवी होती. जुना आवाज मध्येच वाजायला नको, म्हणून आधी ती बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरी केली आणि मग प्रोग्राम भरला. काम चोख झालं. त्याला समाधानसुद्धा वाटलं.

पुढच्या रविवारी तो कुंडलिका नदीचा पूल ओलांडून अष्टमीत गेला. टीव्हीला वायर जोडली, कॅसेट लावली. किरकिर संपली आणि चाचीचं नाव पडद्यावर धावू लागलं. रिझवानानं ओढणीत तोंड खुपसलं. चाची मात्र शांतपणे बघत होती.

"हे तू केलंस," ती म्हणाली.

आदेशनं उगाच टीव्हीची वायर चाचपली.

"फैजलचं मी पुसलं होतं रे. माहीत हाय मला. माणूस निघाला होता, मी याच्यावरच बोलले. बोलता बोलता तो शाळेतून आला आणि बघून रडायलाच लागला. त्याचं रडणं सगळं त्यात भरलं, शेवटाला. त्याच्या अब्बांनी ती कॅसेट परत धाडलीच नाय. पोरगा रडतो यात म्हणून जपली. कुवेतात लढाई झाली तेव्हा सगळं टाकून आले, ही घेऊन आले." ती पुढं सरकली. "नाव दिसलं. चांगलं केलंस. आता आवाज लाव."

आदेशचा हात टेपरेकॉर्डरवर होता, तो तिथंच राहिला.

"चाची, मी पुसली."

"सगळी?"

"सगळी."

"तू ऐकलंस त्याचं रडणं?"

"नाय. दोनच मिनिटं ऐकली. तुमी कौलांचं सांगत होतात."

"रडणं पुढं होतं," चाची म्हणाली. रागानं नव्हे, सामान कुठं ठेवलंय ते सांगावं तसं. रिझवाना उठून आत गेली. पडद्यावर नाव धावतच होतं.

चाचीनं विचारलं, "त्याच्याबरोबर वाढलास तू. रडायचा कसा तो, आठवतं?"

आठवत होतं. फैजल मोठ्यानं कधी रडायचा नाही. आधी उचकी लागायची, मग मनगटानं नाक पुसायचा.

"म्हणायचा, जा, मी नाय बोलणार."

"व्हय," चाची म्हणाली. "तसंच. त्याच्यासारखं म्हण."

पन्नाशीचा बाप्या, शिफ्टवरून तसाच आलेला, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात. त्यानं मनगट नाकाशी नेलं.

"जा," तो म्हणाला, आणि त्याला उचकी लागली. पुढचं बोलायला गेला तर आवाजच फुटेना, नुसतं रडूच आलं, सहा महिन्यांचं.

चाचीनं डोळे मिटून घेतले होते. ती ऐकत होती.